निळ्या ताऱ्याची खिडकी

लॉस एंजेलिसमधले दिवस खरेदीत आणि पाहुणचारात गेले. मग ३९५ क्रमांकाच्या महामार्गाने उत्तरेला निघालो. सिएरा नेवाडाचे बर्फाळ सुळके पाहून मी हरखले होते, तेवढ्यात लेकाने गाडी मंझनारला वळवली.

१९४२ साली राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या हुकमाने पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या लोकांना घरदार सोडायला लावलं. त्यांतल्या दहा हजारांना इथे काटेरी तारेआड ठेवलं होतं. बहुतेक जण अमेरिकेतच जन्मलेले, तिथलेच नागरिक.

पुन्हा उभारलेल्या बराकीत ऐंशी ओलांडलेल्या एक बाई भेटल्या. लहानपणी त्या इथेच होत्या. ‘‘फळ्यांना भोकं असायची, त्यातून धूळ वर यायची. आम्ही डब्यांची झाकणं ठोकून ती बुजवायचो,’’ त्या पायाने जागा दाखवत म्हणाल्या.

त्यांचा थोरला भाऊ इथूनच अमेरिकी सैन्यात गेला. तेव्हा आई पांढऱ्या कापडाचा पट्टा घेऊन बराकीबराकीतून फिरली. लाल दोऱ्याच्या हजार गाठी, प्रत्येक गाठ वेगळ्या बाईच्या हातची. असा पट्टा पोटाला बांधला की गोळी लागत नाही, ही जपानी आयाबायांची श्रद्धा. भाऊ इटलीत लढत होता, तेव्हा आईने खिडकीत निळ्या ताऱ्याचं निशाण लावलं होतं. घरचा मुलगा सैन्यात असल्याची ती अमेरिकी खूण. बाहेर पहाऱ्याचा मनोरा होताच.

‘‘राग नाही आला तुमच्या आईला?’’ माझा आवाज चढला. जपानहून आलेल्या त्या आईला तेव्हाच्या कायद्याने नागरिक होण्याचीसुद्धा मुभा नव्हती!

‘‘आला ना. बाबांचं दुकान गेलं, सगळं गेलं. पण ती म्हणायची, माझ्या मुलाचा देश आहे हा. तो सोड, असं मी त्याला कोणत्या तोंडाने सांगू?’’

भाऊ परतला. सडाओ मुनेमोरी नावाचा दुसरा एक जवान मात्र परतला नाही. त्याची आईही मंझनारलाच होती. एप्रिल १९४५ मध्ये इटलीत हातबॉम्बवर झेप घेऊन त्याने साथीदारांना वाचवलं. देशाचं सर्वोच्च शौर्यपदक त्याला मरणोत्तर मिळालं.

१९५२ साली कायदा बदलला आणि बाईंच्या आईने परीक्षा देऊन नागरिकत्व घेतलं. ऐकताना मला तिचं कौतुक वाटलं आणि त्या देशाची चीडही आली. एवढी माया मिळण्याची त्याची लायकी नव्हती, असं मला आजही वाटतं.

सरकारने माफी मागितली ती १९८८ मध्ये. वीस हजार डॉलर भरपाई दिली, पण फक्त तेव्हा हयात असलेल्यांना. आई त्याआधीच गेली होती. तिच्या लेकीला ते पैसे मिळाले. नातवंडांच्या कॉलेजला लागले, त्या म्हणाल्या.