मुक्तागिरी ते सेमाडोह : पोकळ झाडाचे मोल

मार्गशीर्षात मुक्तागिरीच्या बावन्न जिनालयांचे दर्शन घेऊन आम्ही उभयता परतवाड्यास मुक्कामी आलो. सातपुड्यातील सागवानाची ही जुनी बाजारपेठ. बँकेच्या सेवेत असताना येथील वखारींना लाकडाच्या तारणावर कर्ज देण्याचे काम माझ्याकडे होते. सरळ सागाला पूर्ण भाव, पोकळ ओंडक्याला शून्य, हा आमचा हिशेब.

दुसऱ्या दिवशी पहाटे घाटरस्त्याने मेळघाटातील सेमाडोहला गेलो. कोरकू वाटाड्याने एका अर्धवट वाळलेल्या सालईकडे बोट दाखविले. “साहेब, ढोलीपाशी बघा.” तेथे रानपिंगळा बसला होता. गावातल्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात. याचे डोके जवळजवळ बिनठिपक्यांचे, पोट पांढरे, शेपटीवर रुंद पट्टे. घुबडाच्या कुळातला असूनही तो दिवसा शिकार करतो.

१८८४ नंतर या पक्ष्याची खात्रीची नोंद नव्हती. तो नामशेष झाला, अशीच अनेकांची समजूत होती. १९९७ मध्ये पामेला रासमुसेन व त्यांच्या सहकाऱ्यांना तो शहाद्याजवळ पुन्हा दिसला. पुढे मेळघाटातही आढळला.

रानपिंगळा स्वतः ढोली कोरत नाही. सुतार पक्ष्याने कोरलेली, अथवा फांदी मोडून खोड कुजल्याने झालेली ढोली त्याला लागते. अशी ढोली तयार होण्यास झाडाचे वय व्हावे लागते. जुन्या वनव्यवस्थापनात मात्र वाकडी, पोकळ, वाळकी झाडे ‘सुधारणा’ म्हणून आधी तोडली जात आणि सरळ साग राखला जाई. रान हिरवेच दिसे. परंतु पोपट, धनेश, पिंगळे यांची घरे जात. १९७४ मध्ये येथे व्याघ्रप्रकल्प झाला आणि पुढे गाभ्यातील तोड थांबली, म्हणून अशी म्हातारी झाडे आज उभी आहेत.

श्रावकाला वर्ज्य असलेल्या पंधरा कर्मादानांत वनकर्म आहे, हे मी लहानपणापासून ऐकत आलो. कुऱ्हाड कधी हाती धरली नाही, म्हणून स्वतःला निर्दोष समजत होतो. त्या सालईखाली उभे असताना कर्जाच्या कागदांवरील माझ्या सह्या आठवल्या.

झालेला हिशेब आता बदलता येणार नाही. एवढीच विनंती, की आपल्या शेताच्या बांधावर किंवा तीर्थक्षेत्राच्या आवारात एखादे वाळके झाड कोणाला धोका न होता उभे राहू शकत असेल, तर ते सरपणासाठी तोडू नये. त्यात कोणाचे तरी घर असेल.