हिरव्या-काळ्या चौकटींचा अंगरखा

एप्रिल महिना उजाडला की आमच्या घराचे घर राहत नाही, जयंतीचे कार्यालय होते. पावतीपुस्तके, पताकांचे गठ्ठे, विहारातून आणलेल्या सतरंज्या, आणि गॅसवर सतत चहाचे आधण. ११ एप्रिलला महात्मा फुले जयंती, १३च्या रात्री बारा वाजता बाबासाहेबांना अभिवादन, १४ला मिरवणूक. मी महिला मंडळाची हिशेबनीस. बी.कॉम. झालेली आणि कचेरीत कारकुनी करणारी बाई मिळाली की हिशेबाची वही तिच्याच गळ्यात पडते, हा सगळ्या वस्त्यांचा नियम आहे.

२०२५च्या एप्रिलमध्ये या धांदलीत माझ्या लेकीने एक नवीच मागणी पुढे केली. बारावीची परीक्षा आटोपून ती घरीच होती. म्हणाली, "आई, १२ तारखेला शनिवारी मला कॉमिक कॉनला जायचंय. बीकेसीत, जिओ वर्ल्ड कन्व्हेन्शन सेंटरला. तिकीट मी शिकवणीच्या पैशातून काढलंय. तू फक्त हाओरी शिवायला मदत कर."

"हाओरी म्हणजे काय गं?"

"जपानी अंगरखा. मी तान्जिरो होणार आहे."

माझा पारा चढला. "जयंती तोंडावर आलीय आणि तुला सोंगं सुचतायत?" असे मी तिला चार बायकांसमोर बोलले. ती काही न बोलता आत निघून गेली. वाचकहो, आपल्या मुलांना दुसऱ्यांदेखत बोलू नये, हे मी दर महिला मेळाव्यात सांगते. घरात मात्र मला त्याचा विसर पडला.

रात्री भांडी आवरल्यावर मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि म्हटले, "आता नीट सांग, हे काय प्रकरण आहे?" तिने सांगितले ते असे. जपानी अॅनिमेशन चित्रपटांना आणि अॅनिमेशन मालिकांना अॅनिमे म्हणतात, आणि जपानी चित्रकथांना मांगा. त्यांचे चाहते एकत्र जमतात, पुस्तके घेतात, चित्रकारांना भेटतात, आपल्या आवडत्या पात्राचा वेश करून येतात. त्या वेश करण्याला कॉस्प्ले म्हणतात. हा शब्द नोबुयुकी ताकाहाशी नावाच्या जपानी माणसाने १९८३ मध्ये रूढ केला. टोकियोत 'कॉमिकेट' नावाचा असा मेळावा १९७५ मध्ये सुरू झाला, तेव्हा अवघे सातशेच्या आसपास लोक आले होते. आता तिथे लाखांनी लोक जमतात. भारतात पहिला कॉमिक कॉन फेब्रुवारी २०११ मध्ये दिल्ली हाटला झाला. तिथे कॉमिक्सचे सगळेच प्रकार असतात, पण अॅनिमेवाल्या पोरांची गर्दी मोठी असते.

एक गोष्ट माझ्या मनात बसली. कॉमिकेटमध्ये म्हणे ग्राहक नसतोच. विकणारा, घेणारा आणि व्यवस्था पाहणारा, सगळे 'सहभागी' समजले जातात, आणि सारे काम स्वयंसेवक करतात. मी म्हटले, "अगं, मग ही तर आपली जयंतीच झाली की!" ती दिवसभरात पहिल्यांदा हसली.

मग तिने मला कोपरखळी मारली. "तूसुद्धा अॅनिमे बघायचीस." मी म्हटले, छे! तर म्हणाली, "मोगली?" आणि खरेच, १९९३ मध्ये दर रविवारी दूरदर्शनवर लागणारे जंगल बुक मी शेजारच्या काकूंच्या दारात उभी राहून बघत असे. आमच्याकडे तेव्हा टीव्ही नव्हता. ती मालिका जपानमध्ये तयार झालेली होती, हे मला बत्तीस वर्षांनी माझ्या लेकीकडून कळले.

तान्जिरोची गोष्टही तिने सांगितली. 'डीमन स्लेयर' नावाची मांगा २०१६ ते २०२० या काळात जपानी साप्ताहिकातून क्रमशः आली आणि २०१९ मध्ये तिची मालिका निघाली. काळ आहे ताइशो राजवटीचा, म्हणजे १९१२ ते १९२६. मी मनात हिशेब केला, याच काळात बाबासाहेब अमेरिकेला कोलंबिया विद्यापीठात गेले होते. तान्जिरो हा डोंगरात राहणारा, कोळसा विकणारा पोरगा. वडील वारलेले, घरचा थोरला. एके दिवशी राक्षस त्याचे कुटुंब मारून टाकतो. वाचलेली एक बहीणही राक्षसीण होते. बाकीचे म्हणतात, तिला मारून टाक. हा तिला पेटीत घालून पाठीवर घेऊन फिरतो, तिला पुन्हा माणूस करण्याचा उपाय शोधत. मी विचारले, "इतक्या पात्रांत तुला हाच का?" ती म्हणाली, "कोळसा विकतो म्हणून."

माझे सासरे मुंबईत आले तेव्हा कोळशाच्या वखारीत हमाली करत. हे तिला माहीत आहे. पुढे मी काही विचारले नाही. मशीनवरचे कापड काढले आणि तेल घातले.

अंगरखा हिरव्या-काळ्या चौकटींचा. या नक्षीला जपानमध्ये इचिमात्सु म्हणतात. अठराव्या शतकात सानोगावा इचिमात्सु नावाचा काबुकी नट ती घालून रंगमंचावर येई, तेव्हापासून तिला त्याचे नाव पडले. असे छापील कापड बाजारात मिळते, पण महाग. शिवाय त्यातल्या चौकटी लहान असतात, तान्जिरोच्या मोठ्या. तेव्हा मला माझ्या आजीची गोधडी आठवली. हिरव्या आणि काळ्या पॉपलीनच्या सहा-सहा इंचांच्या लांब पट्ट्या कापायच्या. एक हिरवी, एक काळी, अशा अर्धा इंच दाब ठेवून जोडायच्या. पट्ट्यापट्ट्यांचे कापड तयार झाले की ते आडवे, पुन्हा सहा-सहा इंचांवर कापायचे. आता प्रत्येक दुसरी पट्टी उलटी फिरवून जोडली की पाच इंचांच्या चौकटी आपोआप पडतात. लेकीने हे पाहिले आणि तोंडात बोट घातले. मी म्हटले, "हे जपानचं नाही, तुझ्या पणजीचं आहे."

सवयीप्रमाणे मी हिशेबही ठेवला. कापड चार मीटर, ३६० रुपये. तलवारीसाठी फोमच्या दोन शीट, ३०० रुपये. चिकटवायला फेविबॉण्ड ६० रुपये, रंग ११० रुपये. एकूण ८३० रुपये. आतले काळे शर्ट-पँट भावाचे जुने. पायांना गुंडाळायच्या पांढऱ्या पट्ट्या माझ्या फाटलेल्या जयंतीच्या साडीच्या. कानातली लांबट कर्णभूषणे पुठ्ठ्याची. केस स्वतःचेच, विग नाही. तलवार फोमचीच का, तर अशा मेळाव्यात धातूचे किंवा धारदार काही चालत नाही आणि दारात तपासणी होते. आमच्या ह्यांनी फोम कापून दिला. लाकडी पट्टीवर फोम चढवून, घासून, काळा रंग दिल्यावर ती तलवार लांबून खरी वाटे आणि हाताने दाबली की वाके.

फुले जयंतीच्या आदल्या रात्री अंगरखा घालून ती आरशासमोर उभी राहिली. मी कौतुकाने बघत होते आणि माझ्या तोंडून निघून गेले, "चेहऱ्याला जरा गोरा मेकअप लाव. तो मुलगा गोरा आहे ना चित्रात!"

ती वळली. म्हणाली, "आई, आमच्या ग्रुपवर एकाने हेच लिहिलं होतं. काळी पोरगी तान्जिरो कशी होणार म्हणून. मी त्याला उत्तर दिलं नाही. पण तूही तेच म्हणतेस?"

मी खाली बसले. विहारात मी मुलींना सांगते, रंगावरून स्वतःला कमी समजू नका. लग्न जुळवताना 'मुलगी गोरी हवी' म्हणणाऱ्यांशी भांडते. आणि माझ्याच पोरीला मी पावडर फासायला सांगत होते. तिची क्षमा मागितली. ती म्हणाली, "मी तान्जिरोचे कपडे घालणार आहे. माझं तोंड माझंच राहणार."

त्या रात्री उशिरापर्यंत आम्ही बोलत होतो. तिने उशाचे एक जाड पुस्तक दाखवले. ओसामु तेझुका या जपानी चित्रकाराची 'बुद्ध' ही मांगा. १९७२ ते १९८३ अशी अकरा वर्षे ती जपानमध्ये प्रसिद्ध होत होती. तिच्या इंग्रजी अनुवादाचा पहिला खंड तिने मैत्रिणीकडून आणला होता. मला वाटले, पहिल्या पानापासून सिद्धार्थ असेल. पण सुरुवातीलाच भेटतो तो चाप्रा नावाचा गुलाम मुलगा. तो एका सेनापतीचा जीव वाचवतो, सेनापती त्याला मुलगा मानतो, आणि चाप्रा आपला जन्म लपवून वर चढू लागतो. त्याची आई मात्र गुलामच राहते. शेवटी जन्म उघडकीला येतो आणि दोघांचाही घात होतो.

पाने उलटता उलटता माझे हात थांबले. कारण मीही चाप्रा झालेले आहे. ही गोष्ट मी आजवर मंडळातही बोललेले नाही.

लग्नानंतर, २००४ साली, आम्ही भाड्याची खोली शोधत होतो. दोन ठिकाणी आडनाव ऐकल्यावर 'खोली गेली' असे उत्तर मिळाले. तिसऱ्या ठिकाणी घरमालकीणबाईंनी विचारले तेव्हा मी गावाच्या नावावरून बनवलेले एक आडनाव सांगितले. खोली मिळाली. अकरा महिने आम्ही तिथे राहिलो. बाबासाहेबांची तसबीर कपाटाच्या आत, साड्यांच्या मागे. १४ एप्रिलला पांढरी साडी पिशवीत घालून निघायचे आणि नणंदेकडे जाऊन नेसायची. कुणी दार वाजवले की आधी कपाट बंद करायचे. त्या अकरा महिन्यांत मी रोज एक वेश घालत होते, आणि तो कुठल्याही टेलरने शिवलेला नव्हता.

हे लेकीला सांगितले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आई, कॉस्प्लेमध्ये सगळ्यांना माहीत असतं की हा वेश आहे. कुणाला फसवायचं नसतं. उलट लोक जवळ येऊन विचारतात, किती छान, कुणी शिवलं? संध्याकाळी काढून ठेवायचा. तुझा तुला काढता येत नव्हता."

मी तिच्या वेशाला सोंग म्हणाले होते, तो शब्द मी त्या रात्री परत घेतला.

माझी आजी महाडकडची. तिची सासू १९२७च्या डिसेंबरातल्या परिषदेला गेली होती. बाबासाहेबांनी तिथे स्त्रियांना सांगितले की आखूड लुगडे आणि गळ्या-हातातले ओझ्याचे दागिने ही आपली जात ओळखण्याची खूण झाली आहे, ती टाकून द्या. घोट्यापर्यंत लुगडे नेसा. आजी सांगे, सासू घरी आली ती लुगडे खाली सोडूनच, आणि गावातल्या लोकांनी वाटेत तिची टर उडवली. "काय सोंग आणलंय!" असेच ते म्हणाले होते. एका जपानी कोळसेवाल्याचा अंगरखा आणि महाडची ती परिषद, यांची बरोबरी मी करत नाही. ते धाडस फार मोठे होते. पण अंगावर काय घालायचे हे आपण ठरवायचे, दुसऱ्याने नाही, ही गोष्ट आपल्या घरात कशी आली हे माझ्या लेकीला ठाऊक असावे, म्हणून मी तिला ती रात्रीच सांगितली.

जयंतीच्या कामाचा मात्र खोळंबा झाला नाही. फोमचे तुकडे उरले होते. फुले जयंतीचा कार्यक्रम आटोपल्यावर लेक आणि तिच्या दोन मैत्रिणी विहारात बसल्या आणि उरलेला फोम जोडून स्टेजसाठी अशोकचक्र केले. आरे मोजून चोवीस. दरवर्षी आम्ही थर्माकोलचे आणत होतो आणि ते मिरवणुकीपर्यंत मोडत असे. मंडळाच्या ज्येष्ठ मावशींनी हात लावून पाहिले आणि विचारले, "हे शिकलीस कुठं?" ती म्हणाली, "तलवार करताना."

शनिवारी सकाळी कल्याणहून निघायचे होते. रविवारी मेगाब्लॉकची कटकट नको म्हणूनच तिने शनिवार निवडला होता. मी कुर्ल्यापर्यंत सोबत जाणार होते, तिथून ती मैत्रिणींबरोबर रिक्षाने बीकेसीला. मी सुचवले, "कपडे पिशवीत घे. तिथे जाऊन बदल. ट्रेनमध्ये लोक बघतील." ती म्हणाली, "बघू देत ना. पिशवीत कशाला लपवायचे?"

साड्यांची पिशवी मला आठवली. मी गप्प बसले.

स्टेशनवर पोलिसाने तलवार पाहून थांबवले. तिने पाते दाबून वाकवून दाखवले, तो हसला आणि म्हणाला, "जा." लेडीज डब्यात बायका वळून वळून बघत होत्या. दिव्याला चढलेल्या एक मावशी शेवटी न राहवून म्हणाल्या, "काय गं पोरी, नाटकात काम करतेस का?"

"नाही मावशी, जत्रेला चाललेय."

"आणि हे चौकटीचं कुठून घेतलंस? बरं दिसतंय."

लेकीने माझ्याकडे बोट दाखवले. "हिने शिवलंय. गोधडीसारखं."

मावशींनी बाहीची टीप उलटी करून पाहिली आणि मला विचारले, "पट्टी किती इंचाची घेतली?" मग कुर्ला येईपर्यंत मी त्यांना ते समजावत होते.