आईच्या खाती जमा

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने इतिहासावर लिहावे याचे कोणाला नवल वाटेल. पण ज्याच्याविषयी लिहितो आहे तो आमच्याच पंथाचा होता. तो हिशेबाच्या वह्या लिहीत असे.

सर जॉन ओग्लँडर (१५८५-१६५५) हा इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळील वाइट बेटावरचा जमीनदार. ननवेल हे त्याचे वाडवडिलार्जित ठिकाण. तो बेटाचा उपगव्हर्नर होता, तीनदा पार्लमेंटवर निवडून गेला. १६३७ साली शेरीफ या नात्याने राजाचा 'शिप मनी' हा नावडता कर वसूल करण्याचे काम त्याच्या गळ्यात पडले.

त्याच्या वह्यांत खर्चाच्या रकमांशेजारीच मनातलेही लिहिलेले आढळते. १६३२ साली थोरला मुलगा जॉर्ज फ्रान्समध्ये देवीने गेला. ते दुःख हिशेबाच्या वहीतच उतरले. घराला बरकत आली ती पत्नी फ्रान्सेसमुळे, ती रोज आपल्याआधी उठते, हेही त्याने प्रामाणिकपणे नोंदवले.

१६४२ साली राजा पहिला चार्ल्स आणि पार्लमेंट यांच्यात यादवी पेटली. बेट पार्लमेंटच्या हाती गेले. ओग्लँडर राजाच्या बाजूचा. १६४३ साली त्याला पकडून लंडनला नेले. त्याच्या सुटकेसाठी धडपडणारी फ्रान्सेस १६४४ साली वारली.

नोव्हेंबर १६४७ मध्ये राजा हॅम्प्टन कोर्टच्या नजरकैदेतून निसटून याच बेटावर आला. ज्याच्यासाठी एवढे सोसले तो धनी आपल्या गावी येतो म्हटल्यावर कोणालाही आनंद व्हावा. ओग्लँडर मात्र बातमी ऐकून रडला. राजाला याहून वाईट जागा सापडली नसती, हे त्या बेटकऱ्याला कळत होते. तरीही ननवेलला त्याने राजाचे स्वागत केले. ३० जानेवारी १६४९ रोजी राजाचा शिरच्छेद झाला.

हे वाचताना मला आमचे अण्णा आठवले. रविवार पेठेतल्या एका पेढीवर ते दिवाणजी होते. पेढी बसली, बाकीचे नोकर निघून गेले. अण्णा शेवटचे सात महिने बिनपगारी किर्द-खतावणी लिहीत राहिले. त्याच वर्षी माझ्या कॉलेजप्रवेशासाठी आईच्या पाटल्या गहाण पडल्या.

"शेठ बुडणार हे दिसत नव्हतं का तुम्हाला?" मी एकदा चिडून विचारले.

"दिसत होतं रे," अण्णा म्हणाले. "म्हणून तर थांबलो. वह्या अर्ध्यावर टाकून कसं यायचं?"

पेठेतले कन्नड अडते आजही अण्णांचे नाव निघाले की 'नंबिके' म्हणतात. विश्वास! ऐकून अभिमान वाटतो. पण पाटल्या काही सुटल्या नाहीत.

आम्हाला शिकवतात की प्रत्येक नावेला कुठेतरी जमा असते. इमानाचा व्यवहार मला तसा दिसत नाही. नाव एकाचे होते, किंमत दुसऱ्याच्या नावे पडते. ओग्लँडर आणि अण्णा दोघेही जाणून-बुजून बुडत्या धन्यापाशी राहिले. मोल फ्रान्सेसने दिले, आईने दिले.

परवा अण्णांच्या घरखर्चाच्या जुन्या वह्या चाळल्या. दूध, रॉकेल, माझी फी, सारे तारीखवार आहे. ती फी कशातून भरली, याची मात्र एक ओळही नाही. निदान ओग्लँडरने बायकोचे नाव वहीत मांडले होते.

म्हणून आमच्या घरची ही राहिलेली नोंद मी इथे करतो. पाटल्या दोन, आईच्या खाती जमा.