माहूरचा तांदळा आणि न्यूयॉर्कचे केळे

माहूरगडाच्या पायऱ्या चढताना दुकानादुकानांतून खलबत्त्याचा ठेका ऐकू येतो. विड्याची पाने, कात, सुपारी कुटून देवीचा तांबूल तयार होत असतो. तिथेच रेणुकेच्या तसबिरी ओळीने मांडलेल्या असतात. तेच शेंदूरचर्चित भव्य मुख, तेच विशाल नेत्र, तोच मुकुट. फक्त प्रत्येक छपाईत रंग किंचित सरकलेला. कुलाचारासाठी गडावर गेलो असता या ओळीसमोर आम्ही थबकलो आणि आम्हांस अँडी वॉरहॉल आठवला.

आठवण अगदीच अस्थानी नव्हती. १९६२ साली मेरिलिन मन्रोच्या मृत्यूनंतर वॉरहॉलने तिचे एकच छायाचित्र स्क्रीन प्रिंटिंगने पन्नास वेळा छापले. अर्धे भडक रंगांत, अर्धे विरत जाणाऱ्या काळ्यापांढऱ्यात. याच वॉरहॉलच्या आश्रयाने पुढे ‘व्हेल्व्हेट अंडरग्राउंड’ हे वाद्यवृंद-मंडळ लोकांसमोर आले. १९६७च्या त्यांच्या पहिल्या तबकडीच्या वेष्टनावर साल सोलता येणारे पिवळे केळे होते, आणि नाव होते ते चित्रकाराचे! गाणी बहुतांशी लू रीडची. तबकडी तेव्हा फारशी खपली नाही; रीडने त्याच वर्षी वॉरहॉलशी व्यावसायिक संबंध तोडला. मात्र वॉरहॉल १९८७ साली निवर्तल्यावर रीड आणि जॉन केल यांनी त्याच्या आयुष्यावर एक संपूर्ण गीतमालिका रचली. ती १९९० साली प्रसिद्ध झाली.

महाविद्यालयीन वयात वसतिगृहाच्या भिंतीवर आम्ही ते केळे मोठ्या दिमाखात चिकटवले होते. आईने बरोबर दिलेली माहूरची तसबीर मात्र ट्रंकेच्या तळाशी, कपड्यांखाली होती. एक कला, दुसरा बाजार, अशी आमची समजूत होती.

ती समजूत कशी पोकळ होती, हे अरुण कोलटकरांनी आम्हांस उशिरा शिकवले. ‘जेजुरी’चा हा कवी जाहिरातक्षेत्रातला नावाजलेला कलादिग्दर्शक होता. त्यांनी अर्जुन शेजवळांकडे पखवाजाचे धडे घेतले, बळवंतबुवा या भजनी गायकाच्या सहवासात रमले, आणि १९७३च्या सुमारास इंग्रजीत रॉक-ब्लूजच्या वळणाची गाणीही लिहिली. त्या गाण्यांचे शब्द ‘द बोटराइड अँड अदर पोएम्स’मध्ये संग्रहित झाले तेव्हा २००९ साल उजाडले होते; कोलटकर २००४ सालीच गेले होते. न्यूयॉर्कमध्ये गायकाला चित्रकार भेटला. इथे चित्रकार, कवी आणि गायक एकाच देहात नांदत होते, आणि त्यांतला गायक सर्वांत कमी ऐकला गेला.

आणखी एक साम्य डोळ्यांत भरते. वॉरहॉल आधी पादत्राणांच्या जाहिराती रेखाटत असे. रीड एका कंपनीत पगारावर चालू पठडीची गाणी पाडत असे. कोलटकरांचा चरितार्थ जाहिरातींवर होता. तिघेही बाजारातूनच आले. बाजाराची भाषा त्यांनी तुच्छ मानली नाही. ती इतकी लक्षपूर्वक ऐकली की तिच्यातले भय, वासना, भक्ती सारे त्यांना ऐकू आले. ‘भूमिगत’ कला बाजाराच्या विरोधात उभी असते, असे आम्ही मानत होतो. खरे पाहता ती बाजाराच्या पोटातच वाढते.

त्या रात्री घरी गोंधळ झाला. संबळ कडाडला, तुणतुण्याची एकच तार रात्रभर झणझणत राहिली, दिवटीचा उजेड भिंतीवर हलत राहिला. गोंधळ्यांनी गावोगावच्या देवींना नावे घेऊन आवतण दिले, तशीच मध्येच यजमानाची थट्टाही केली, आणि पहाटे बिदागी मोजून घेतली. भक्ती, विनोद आणि व्यवहार यांत कुठेही शिवण दिसत नव्हती. व्हेल्व्हेटच्या गाण्यांतला व्हायोला असाच एका स्वरावर अडून बसतो, तेव्हा आम्ही त्याला क्रांती म्हटले होते. तुणतुण्याला मात्र आम्ही कधी काही म्हटलेच नव्हते.

माहूरहून निघताना एक तसबीर विकत घेतली. रंग सरकलेलीच मुद्दाम निवडली. ट्रंकेतली जुनी कुठे गेली, ते आता आठवत नाही; आणि ज्यांना विचारावे, त्या आईही आता नाहीत.