दुकान, पण शटर नसलेलं

मंडळी, आमचं दुकान सुरू झालंय! भाडं नाही, शटर नाही, उधारीची वही नाही. माल काय? तर कॉम्प्युटर गेम्समध्ये लागणारी चित्रं. वाडा, तुळशीवृंदावन, एसटी स्टँड... सगळं १६ बाय १६ पिक्सेलच्या चौकटींत. गेम बनवणाऱ्याने फाइल घ्यायची आणि त्या चौकटी जोडून गाव उभं करायचं.

आईने विचारलं, "एकदा विकलं की संपलं ना गं?" खरी गंमत तिथेच आहे. हा माल संपतच नाही! फाइल घेणाऱ्याकडे जाते, तरी माझ्याकडे राहतेच. म्हणजे मी वस्तू नाही, परवानगी विकते. ती लायसन्समध्ये लिहिलीय: आपल्या गेममध्ये वापरा, तो गेम खुशाल विका, पण चित्रं तशीच उचलून पुन्हा विकू नका.

दुकान थाटलं इच डॉट आयओवर. २०१३ साली सुरू झालेल्या या साइटला किती टक्के द्यायचे, हे विकणाराच ठरवतो. काहीच ठरवलं नाही तर १० टक्के.

अडलं ते किमतीवर. केनी नावाची मंडळी ढिगाने चित्रं फुकट देतात, तीही कसल्याच अटीशिवाय. मग मला कोण विचारणार? रूममेट म्हणाली, "फुकट ठेव ना, पैसे मागायला कसंतरी वाटत नाही?" वाटतं. पण दुसऱ्या कॉपीला खर्च शून्य असला, तरी पहिलीसाठी जागलेल्या रात्रींचं काय? शेवटी एसटी स्टँड फुकट ठेवला आणि वाड्याला दोन डॉलर लावले.

बोहनी अजून व्हायचीय. किंमत मात्र उतरवणार नाही!