कापसाच्या मुलखातला वीरगळ

पारापाशी, वेशीवर किंवा महादेवाच्या देवळामागे महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत एखादा वीरगळ उभा असतो. सगळ्यांत खाली लढाई. ढाल-तलवार घेतलेला वीर, कधी त्याच्या बाजूला गाई, कारण गुरं पळवून नेणाऱ्यांशी झुंजतानाच तो पडलेला. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेताहेत. त्याच्यावर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलाय आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. ते आहेत तोवर याची आठवण. नाव बहुतेकदा कोरलेलं नसतं, तरी येताजाता कुणीतरी शेंदराचं बोट लावून जातं. गावासाठी मेला म्हणून गावानं दगड उभा केला, इतका सरळ हिशेब.

यवतमाळ जिल्ह्यात कर्जापायी जीव दिलेल्या शेतकऱ्यांना हा हिशेब लागू झाला नाही. महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी पवनारजवळच्या दत्तपूरला पत्नी आणि चार लेकरांसह जीवन संपवलं. त्यानंतर या कापूसपट्ट्यात घरोघर एकच स्मारक उभं राहत गेलं, भिंतीवरचा फोटो. लग्नातल्या नाहीतर आधार कार्डावरच्या फोटोवरून मोठा केलेला, मागे निळं आभाळ, अंगात कोट. हा कोट गेलेल्यानं जन्मात घातलेला नसतो, स्टुडिओवाला कॉम्प्युटरवर चढवून देतो. शेजारच्या खिळ्याला पिशवी आणि पिशवीत सातबारा, बँकेची नोटीस, पंचनाम्याची झेरॉक्स. कारण या मरणाची फाइल होते आणि ती ‘पात्र’ तरी ठरते नाहीतर ‘अपात्र’. पात्र ठरली तर सरकारकडून १ लाख रुपये. कर्ज बिनपरवाना सावकाराचं असलं की मेलेला माणूस कागदावर शेतकरी म्हणून मेलेलाच नसतो.

घरातल्या खिळ्यावरची ही आठवण चव्हाट्यावर आणली ती ‘तेरवं’नं. नाटक श्याम पेठकरांचं, दिग्दर्शन हरीश इथापेंचं आणि रंगमंचावर प्रत्यक्ष त्याच बाया, ज्यांचे नवरे असे गेले. नटीनं विधवेचं सोंग घ्यावं आणि आपण तिच्या अभिनयाला दाद द्यावी, ही पळवाट इथं प्रेक्षकाला नाही. खरं सांगायचं तर अशा प्रयोगांची मला आधी धास्ती वाटते. दुःखाचं प्रदर्शन व्हायला वेळ लागत नाही, आणि शहरातला प्रेक्षक डोळे पुसून मोकळा होण्यात पटाईत. पण या बाया रडायला उभ्या नाहीत. नवऱ्याच्या तेराव्यानंतरचं त्या सांगतात : सासर, शेत, लेकरं, लोकांच्या नजरा. दगडातल्या वीराची गोष्ट अप्सरांपाशी संपते, आणि त्याच्या बायकोला कोरलंच तर बहुधा सतीशिळेवर, कोपरातून वर उभारलेला बांगड्या भरलेला हात म्हणून. मेली तरच तिला दगड. ‘तेरवं’मधल्या बाईचा गुन्हा म्हणा की पराक्रम, ती जगली.

यांतल्याच एक वैशालीताई येडे, कळंब तालुक्यातल्या राजूरच्या. ११ जानेवारी २०१९ ला यवतमाळात ९२व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं उद्घाटन त्यांच्या हातून झालं. लेखिका नयनतारा सहगल यांना उद्घाटनासाठी दिलेलं निमंत्रण आयोजकांनी मागे घेतलं, त्या नाचक्कीतून ही जागा रिकामी झाली होती. म्हणजे मानही आला तो आडवाटेनंच. अध्यक्षा अरुणा ढेरे आणि अवघा सारस्वतांचा मेळा समोर असताना, कारभाराच्या भाषेत ‘आत्महत्याग्रस्त कुटुंबातील महिला’ एवढीच ओळख असलेली बाई बोलायला उभी राहिली. आयोजकांनी आपली अब्रू झाकायला त्यांना पुढे केलं, असं तेव्हा पुष्कळ जण म्हणाले. असेलही. पण व्यासपीठ मिळालं ते त्यांनी वाया घालवलं नाही.

वीरगळ आठशे वर्षं टिकतो. नाटक बायांच्या अंगात बळ आहे तोवर, आणि गाडीभाड्याची सोय होते तोवर. टिकण्यात दगडाची बरोबरी होणार नाही. मात्र दगड निवडणुकीला उभा राहत नाही. संमेलनाच्याच वर्षी यवतमाळ-वाशीम मतदारसंघातून वैशालीताईंनी लोकसभेचा अर्ज भरला, गावोगाव मतं मागितली आणि पडल्या.