खोडदचे उलटे घुमट

ऑफिसात दर मे-जूनमध्ये एक ठरलेला कार्यक्रम होतो. कुणीतरी युरोप टूर करून येतं. आधी चॉकलेटचा डबा फिरतो, मग मोबाइल. सातशे फोटो! त्यातले निम्मे तरी मान वर करून काढलेले असतात. चर्चचं छत, राजवाड्याचं छत, घुमट, परत घुमट. ‘‘अगं, फोटोत नाही कळत. आत उभं राहिलं ना, की असं वाटतं...’’ आणि पुढचा शब्द काही सापडत नाही.

आपल्याकडे शब्द आहे खरं तर. अवकाश! मोकळी जागाही अवकाश, सवडही अवकाश आणि यानं जिथे जातात तेही अवकाशच. आपल्या पिढीकडे या तिन्हींची टंचाई असावी हा निव्वळ योगायोग.

युरोपातल्या जुन्या कारागिरांना मात्र या अवकाशाचं वेडच होतं. आभाळ छताखाली आणायचं! इटलीतल्या पादुआ शहरात जोत्तोने १३०५च्या सुमारास एका छोट्या प्रार्थनागृहाचं अख्खं छत गडद निळं रंगवलं आणि त्यावर सोनेरी तारे टाकले. त्याच भिंतींवर येशूजन्माच्या एका चित्रात त्याने शेपटीवाला धूमकेतू काढलाय. १३०१मध्ये दिसलेला हॅले त्याने पाहिला असावा, असं मानतात. म्हणून तर १९८६मध्ये हॅलेजवळून गेलेल्या युरोपच्या यानाचं नाव जोत्तोच होतं. चित्रकाराचं नाव यानाला! हे मला जाम आवडतं.

त्याच्याही बाराशे वर्षं आधीचं रोममधलं पॅन्थिऑन. ४३ मीटर व्यासाचा घुमट, तोही लोखंडाची एक सळई न घालता ओतलेल्या काँक्रीटचा. युक्ती वजनाची. खाली जड खडी, वर जाऊ तशी हलकी, आतून चौकोनी खोबणी कोरून आणखी हलकं केलेलं. आणि ऐन माथ्यावर आठ-नऊ मीटरचं भोक, उघडं. त्यातून ऊन येतं, पाऊसही येतो.

आता हा घुमट मनातल्या मनात उचला. उलटा करा, म्हणजे वाटी झाली. काँक्रीट काढून टाका, नुसता सांगाडा ठेवा. मग पुणे-नाशिक रस्त्याने नारायणगावपर्यंत या आणि खोडदच्या शेतांत ही वाटी उभी करा. एक नाही, तीस!

जीएमआरटी. इंजिनिअरिंगला असताना जनरल नॉलेजसाठी पाठ केलेलं नाव. तीस अँटेना, प्रत्येकाचा व्यास ४५ मीटर, म्हणजे पॅन्थिऑनपेक्षा दोन मीटर जास्तच. चौदा खोडदजवळ एक किलोमीटरच्या परिसरात, उरलेल्या सोळा इंग्रजी वाय अक्षराच्या तीन हातांवर पंचवीसेक किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. कांद्याच्या वावरापलीकडे अचानक एक दिसते आणि गाडी बाजूला घ्यावीच लागते.

इथेही युक्ती वजनाचीच आहे. डॉ. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भरीव पत्र्याची वाटी केलीच नाही. ताणलेल्या दोरांवर बारीक तारेची जाळी बसवली. तार अर्धा-पाऊण मिलिमीटरची, भोकं एक-दोन सेंटिमीटरची. वारा आरपार जातो, त्यामुळे सांगाडा हलका चालतो आणि खर्च आटोक्यात राहतो. मग लाटा नाही का गळून जात? नाही. हायड्रोजनची लाट २१ सेंटिमीटरची, चक्क एक वीत. वीतभर लाट बोटभर भोकातून कशी जाईल? २०२३मध्ये जाहीर झालेल्या एका संशोधनात याच जाळीने ८८० कोटी वर्षांपूर्वी निघालेला हायड्रोजनचा संदेश पकडला होता. आपली पृथ्वी तेव्हा जन्मालाही आली नव्हती.

पण खोडदचा उलटा घुमट पाहून तसंच माघारी फिरू नका. सुलट्यासाठी जुन्नर गाठा.

गावाच्या पश्चिमेला पाच-एक किलोमीटरवर तुळजा लेणी आहेत. लेण्याद्रीला जितकी गर्दी तितका इथे शुकशुकाट. त्यातलं एक चैत्यगृह गोल आहे. आपण कार्ले-भाज्याला पाहतो तसं लांबट नाही, पूर्ण गोल. जेमतेम पंचवीस फुटांचं. मधे स्तूप, भोवती बारा साधे अष्टकोनी खांब आणि वर दगडातच कोरलेला घुमट. काळ साधारण इसवी सनापूर्वीचं पहिलं शतक, म्हणजे पॅन्थिऑनच्याही आधीचा. रोममध्ये घुमट खालून वर चढवला, इथे डोंगर आतून पोखरून काढला. स्तूपाचा माथा पुढे कुणीतरी छाटून त्याचं शिवलिंग केलं, लेण्यांचं दर्शनी कातळ ढासळलं. तरीही आत शिरलं की मान आपोआप वर जाते. आणि तिकडे बोलताना न सापडलेला तो शब्द इथे लागतच नाही, कारण बोलावंसंच वाटत नाही.

याचा अर्थ ‘आमच्याकडे सगळं आधीच होतं’ असा काढू नका, प्लीज. उलट जुन्नरची गंमत ही, की इथे बाहेरचे लोक सुरुवातीपासून होते. कोकणातल्या बंदरांतून नाणेघाटाने माल वर यायचा तो या बाजारपेठेत. जुन्नरभोवती दोनशेहून जास्त लेणी आहेत ती त्याच पैशावर. आणि तिथल्या ब्राह्मी शिलालेखांत तीन दाते स्वतःला ‘यवन’ म्हणवतात. ग्रीकांसाठीचा हा शब्द पुढे सरसकट पश्चिमेकडच्या लोकांसाठी वापरला गेला. इरिल नावाच्या यवनाने पाण्याच्या दोन पोढी दिल्या. चिट नावाच्याने भोजनमंडप. आणि चंद नावाच्याने मानमोडी डोंगरातल्या एका चैत्यगृहाचा दर्शनी भाग.

चंदचा हा दर्शनी भाग मुद्दाम बघाच. कमानीत अर्धं कमळ उमललंय, पंख्यासारखं. मधल्या पाकळीत लक्ष्मी, शेजारच्या पाकळ्यांत तिला न्हाऊ घालणारे हत्ती, कडेला हात जोडलेली माणसं. जुन्या मुंबईतल्या घरांच्या दारांवर अर्धगोल रंगीत काचांच्या खिडक्या असतात ना, त्यांची आठवण येते. नातं काही नाही, पण डोळ्याला तीच मजा. परदेशातून आलेल्या माणसाने पैसे दिले ते ग्रीक देवतेसाठी नाही, इथल्याच लक्ष्मीखाली नाव कोरायला. आतलं काम मात्र अर्धवट राहिलं. लॉबी चकाचक आणि पझेशन नाही, हा प्रकार पुणे जिल्ह्यात दोन हजार वर्षं जुना आहे तर!

युरोपची आणखी एक वस्तू भीमाशंकरला आहे. मंचरहून घोडेगाव, डिंभे करत आंबेगाव तालुका ओलांडून वर जायचं. देवळासमोर मोठी पोर्तुगीज घंटा टांगलीय. १७३९मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली, तेव्हा चर्चमधल्या घंटा लुटीत आल्या आणि वेगवेगळ्या देवळांना दिल्या गेल्या. ही त्यातलीच. चंद स्वतःहून आला, घंटा लढाईतून आली. ओतकाम युरोपचं, रांग आपली. श्रावणात तर फोटो काढायलाही जागा मिळत नाही.

खोडदला मात्र आवाज वर्ज्य आहे. कानाला येणारा नाही, रेडिओचा. तिथे फोन बंद ठेवायला सांगतात ते उगाच नाही. ८८० कोटी वर्षांच्या प्रवासाने क्षीण झालेल्या त्या कुजबुजीपुढे तुमचा मोबाइल म्हणजे कानाशी वाजणारा डीजे. ही जागा निवडली तीच इथल्या डोंगरांच्या आडोशासाठी आणि शांततेसाठी. पण तालुका काही शांत बसलेला नाही. चाकण-मंचर-नारायणगाव मार्गे पुणे-नाशिक रेल्वे जायची होती. विजेवरच्या गाड्यांनी दुर्बिणीला अडथळा होईल असा आक्षेप आला, मार्ग बदलण्याच्या हालचाली झाल्या आणि जुन्नर-आंबेगावात नाराजी उसळली. रेल्वेची वाट बघत इथल्या किती वर्षं गेल्या! मी शांततेच्या बाजूने आहे, कारण असा अवकाश एकदा गेला की परत मिळत नाही. पण मला रोज नारायणगावहून पुण्याला यायचं नसतं, हेही खरं. रविवारी संध्याकाळी परतताना चाकणच्या ट्रॅफिकमध्ये दीड तास अडकलं, की बाजूच्या खच्चून भरलेल्या एसटीत उभ्या माणसाला हे पटवून देणं मला तरी जमणार नाही.